गाळाच्या मागावर

नाशिकचा पेठ नाका सोडून वायव्येला निघालं की सुरुवातीचा रस्ता द्राक्षबागांचा. आशेवाडीपाशी रामशेज मागे पडतो आणि उमराळ्यापर्यंत दोन्ही अंगांना मांडवच मांडव दिसत राहतात. ऑक्टोबरचे पहिले दिवस होते, म्हणजे गोडी छाटणीचा हंगाम. समोरून येणाऱ्या पिकअप माणसांनी खच्चून भरलेल्या. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची जोडपी, मांडीवर पोरं, पायाशी भांड्यांनी आणि धान्याने भरलेल्या गोण्या. दिंडोरी-निफाडच्या बागांत आता त्यांची कामं सुरू होणार. कुणी घरचा भात कापायला मधे येऊन जाईल, कुणी थेट होळीलाच परतेल.

या माणसांच्या गावांना पाऊस कमी आहे असं नाही. पेठ तालुक्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ज्या निफाडला ती मजुरीला जातात, तिथे याच्या चौथाईच्या आसपास. तरी बागायत निफाडात आणि उन्हाळ्यातले टँकर पेठेत. यामागचं एक कारण शाळेतलं पोरही सांगतं: डोंगरउतार, कातळावर हातभर माती, पाणी मुरायला आणि थांबायला जागाच नाही. दुसऱ्या कारणाबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. उतारावरून पाणी एकटं जात नाही. ते माती घेऊन जातं, आणि मातीबरोबर त्या रानाचं सगळं बळ जातं: नत्र, स्फुरद, पालाश, कुजलेल्या पाल्याचा कर्ब. जूनच्या पहिल्या लोंढ्यात ओहळ लाल होऊन वाहतात तेव्हा त्या लाल रंगात पुढच्या कैक पिकांचं खत चाललेलं असतं. हे खत वाटेत कुठे थांबतं, कोण थांबवतं आणि थांबल्यावर त्याचं काय होतं, हे पाहण्यासाठी मी निघालो होतो.

सावळघाट चढताना गाडीतल्या बाकीच्यांनी खिडक्या लावून घेतल्या, इतकं धुकं होतं. घाटमाथ्याचा हा सगळा पट्टा म्हणजे पाण्याचा दुभाजक. अलीकडचा थेंब कादवेतून गोदावरीला मिळतो आणि अख्खा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जातो. पलीकडचा थेंब दमणगंगेच्या, नार-पारच्या वाटेने थोडक्यात अरबी समुद्र गाठतो. दमणगंगा दिंडोरी तालुक्यातल्या आंबेगावजवळ उगम पावते आणि 131 किलोमीटरमध्ये दमणला समुद्राला मिळते. गोदावरीला हाच प्रवास करायला जवळपास दीड हजार किलोमीटर लागतात. उंची जवळजवळ तीच आणि वाट इतकी आखूड, म्हणून पश्चिमेच्या नद्या तीव्र उताराच्या आणि घाईच्या. ज्या नदीला घाई असते तिच्या काठावर मळई साचत नाही. पेठची सगळी अडचण या एका गोष्टीत आहे.

करंजाळी, कोटंबीचा घाट आणि मग पेठ. गाव लहानच. कोणे एके काळी हे छोटेखानी संस्थान होतं आणि इथल्या सागाला दूरवर मागणी होती. आता बसस्टँड, तहसील, आठवडे बाजार, भजी-मिसळीची हॉटेलं. एका आश्रमशाळेतले गुरुजी मला घ्यायला आले होते. विज्ञान शिकवतात, पण सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन ओहळात बंधारे घालतात. बाजारातून चहा पिऊन आम्ही त्यांच्या मोटरसायकलवरून एका पाड्याकडे निघालो. रस्ता संपला तिथे गाडी लावली आणि पुढे चालत.

दसऱ्याच्या सुमाराचं हे रान ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एकदा जरूर पाहावं. वरच्या वरकसावर, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर, नागली कणसाला आलेली, तिच्या कडेने खुरासणी पिवळीधमक फुललेली. त्याखाली वरईचे तुकडे. आणि अगदी खाली, दोन टेकड्यांच्या बेचक्यात, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली भाताची खाचरं. हस्ताचा पाऊस नुकताच होऊन गेल्यामुळे खाचरांत अजून पाणी होतं. वरच्या खाचराच्या बांधाला एक खांड ठेवलेलं, त्यातून पाणी दुसऱ्या खाचरात, तिथून तिसऱ्यात. तळाला ओहळ. वरकसावरून निथळणारं पाणी मातकट होतं. तळाच्या खाचरातून ओहळात पडणाऱ्या पाण्यात मात्र तळचा दगड दिसत होता.

शेताचे मालक बांधावर बसून विळ्याला धार लावत होते. साठीच्या पुढचे कोकणा शेतकरी. गुरुजी त्यांना बाबा म्हणत होते म्हणून मीही बाबाच म्हटलं. मी विचारलं, बाबा, यातलं चांगलं खाचर कुठलं? त्यांनी न बघता खालच्याकडे बोट केलं. मग सविस्तर सांगितलं. वरच्या खाचरात भात आधी पिवळा पडतो, तिथे शेणखत टाकावंच लागतं. मधल्यांना थोडं कमी. तळाच्याला काहीच घालावं लागत नाही, उलट चांगल्या पावसाच्या वर्षी तिथला भात एवढा माजतो की लोंबी भरायच्या आधीच लोळतो. म्हणून तिथे ते मुद्दाम आखूड ताटाचा, लवकर येणारा वाण लावतात.

कृषी विद्यापीठाची माती तपासणी जे सांगेल ते बाबांनी पिवळ्या आणि माजलेल्या भातावरून ओळखलं होतं. मी वरच्या आणि खालच्या खाचरातली एकेक मूठ माती काढून दोन्ही हातांत धरली. वरची खरबरीत, बोटांत रेतीचे आणि मुरमाचे खडे लागणारी, मूठ उघडताच विस्कटणारी. खालची काळपट-तांबूस, लोण्यासारखी मऊ, दाबली की बोटांच्या रेषा उमटलेल्या तशाच राहणारी. तिला कुजलेल्या पाल्याचा वास होता. एकाच डोंगराच्या या दोन माती, मधे फक्त चार बांधांचं अंतर.

हे कसं घडतं याचा हिशोब सोपा आहे आणि तो कळला की पुढचं सगळं कळतं. स्थिर पाण्यात बारीक वाळूचा कण मीटरभर खाली बसायला दोनेक मिनिटं घेतो. पोयट्याच्या कणाला पाऊण तास लागतो. चिकणमातीच्या सर्वांत मोठ्या कणालाही मात्र सुमारे तीन दिवस लागतात. आणि खताचं बळ वाळूत नसतं. स्फुरद बसलेलं असतं ते याच बारीक कणांना चिकटून. म्हणजे जो कण सर्वांत मोलाचा, तोच सर्वांत उशिरा बसतो. वाहत्या ओहळात तो कधीच बसणार नाही. पण खाचरात पाणी मीटरभर नसतं, वीतभरही नसतं. दहा सेंटिमीटर पाण्यात त्याच कणाला तळ गाठायला सात-आठ तास पुरतात. रात्री पाऊस उघडला तर सकाळपर्यंत काम झालेलं असतं. शिवाय भाताची ताटं पाण्याला हलू देत नाहीत आणि बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात, तेव्हा ते त्याहूनही लवकर बसतात. म्हणून गाळ धरायचा तर पाणी उथळ आणि पसरट हवं. नदीकाठची पूरजमीन नेमकं हेच करते. नदी फुगते, पात्राबाहेर पसरते, पातळ होते, मंदावते आणि आपली साय काठावर ठेवून जाते.

बाबांच्या तळाच्या खाचराच्या बाहेर, बांधातून जिथे पाणी पाझरत होतं, तिथे तांबूस चिखल आणि वर रंगीत तवंग होता. कुणाला वाटेल डिझेल सांडलं. गुरुजींनी काडीने तो तवंग ढवळला. तेलाचा असता तर पुन्हा जुळून आला असता. हा तुकडे होऊन वेगवेगळा तरंगत राहिला. हे लोह. इथल्या तांबड्या मातीत लोह भरपूर, आणि कोरड्या मातीत ते स्फुरदाला असं घट्ट धरून ठेवतं की पिकाच्या मुळांना ते मिळत नाही. खाचरात पाणी साचलं की चिखलातला प्राणवायू काही दिवसांत संपतो. मग तिथले जिवाणू श्वासासाठी लोहाच्या गंजाचा वापर करतात, लोह विरघळतं आणि त्याने धरलेलं स्फुरद सुटून भाताला मिळतं. उरलेलं लोह पाझरून बांधाबाहेर येतं, हवा लागताच पुन्हा गंजतं आणि जाता जाता पाण्यातलं स्फुरद पुन्हा पकडतं. म्हणजे ओहळाच्या तोंडाशी एक शेवटची चाळणी आपोआप लागलेली. कुणी बांधली नाही, कुणी तिचा पगार घेत नाही.

नत्राची तऱ्हा वेगळी. ते नायट्रेटच्या रूपाने पाण्यात पूर्ण विरघळतं, मातीला चिकटत नाही, त्यामुळे गाळ बसला तरी नत्र पुढे जाऊ शकतं. त्याला अडवणारे दोघेच. एक म्हणजे मुळं आणि शेवाळ, जे ते खातात. दुसरे चिखलातले जिवाणू, जे नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि उरलेला नत्रवायू हवेत सोडून देतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे नुकसान, पण खालच्या नदीच्या दृष्टीने मोठा उपकार. आणि खाचर हे नुकसान काही प्रमाणात भरूनही काढतं. भाताच्या पाण्यात वाढणारं निळं-हिरवं शेवाळ हवेतलं नत्र बांधून देतं. 1939 साली पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञाने भातशेतीवरच्या अभ्यासातून हे दाखवून दिलं. पिढ्यान्‌पिढ्या खत न घालता खाचरं पिकत का राहतात, या जुन्या कोड्याचं ते उत्तर होतं.

पाड्यावर दुपारी भाकरी, उडदाचं भुजं आणि भाताची पेज झाली. मावशींनी आग्रह करून वाढलं. जेवताना गुरुजींच्या शाळेतल्या पोरांना मी बीव्हरबद्दल सांगितलं, कारण या सगळ्या विषयात जगभर ज्याच्यावर सर्वांत जास्त अभ्यास झाला तो हाच प्राणी. आपल्याकडे तो नाही. उत्तर अमेरिकेत आणि युरोप-आशियाच्या थंड भागात तो राहतो. कुरतडणाऱ्या प्राण्यांतला, आकाराने मोठ्या कुत्र्याएवढा होणारा, चपट्या शेपटीचा. दातांनी झाडं पाडतो, फांद्या, दगड, चिखल रचून ओहळावर बांध घालतो आणि मागे साचलेल्या तळ्यात घर करतो. एक बांध घालून थांबत नाही, एकाखाली एक अशी तळ्यांची रांग लावतो. युरोपीय लोक येण्याआधी उत्तर अमेरिकेत सहा कोटींपासून चाळीस कोटींपर्यंत बीव्हर असावेत असा अंदाज आहे. टोप्यांसाठी त्यांच्या लवीची मागणी वाढली आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत ते बहुतेक ठिकाणी संपत आले. त्यांच्याबरोबर त्यांचे बांध फुटले आणि हजारो ओहळ मोकळे धावायला लागले.

इंग्लंडमध्ये तर हा प्राणी काही शतकांपूर्वीच नाहीसा झाला होता. 2011 साली डेव्हन परगण्यात कुंपण घातलेल्या एका ओहळावर बीव्हरची एक जोडी सोडली. काही वर्षांत तिथे 13 तळी झाली. एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्या तळ्यांतला गाळ मोजला आणि 2018 मध्ये आकडे प्रसिद्ध केले: शंभर टनांहून जास्त गाळ, त्यात सुमारे 16 टन कर्ब आणि जवळपास एक टन नत्र. यातला मोठा भाग वरच्या गवताळ शेतांतून वाहून आलेला होता. तळ्यांच्या वरच्या बाजूचं आणि खालच्या बाजूचं पाणी तपासलं तर खाली नत्र-स्फुरद स्पष्ट कमी.

एका पोराने विचारलं, तळं गाळाने भरलं की तो काय करतो? प्रश्न अचूक होता. तो ते सोडून दुसरीकडे जातो. भरलेल्या तळ्यावर मग गवत उगवतं, आणि आजूबाजूच्या जंगलापेक्षा ते कुरण सुपीक असतं. अमेरिकेतल्या कितीतरी दऱ्यांमधली चांगली गवताळ मैदानं अशीच बनली आहेत. सगळीच तळी सारखी नसतात हेही सांगायला हवं. काही जुन्या तळ्यांत उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू संपतो आणि धरलेलं स्फुरद पुन्हा पाण्यात सुटतं, तेच लोहाचं रसायन. पण रांगेतलं एक तळं जे सोडतं ते खालचं धरतं. बाबांची खाचरंही रांगेतच आहेत.

जेवण झाल्यावर पोरं वनराई बंधारा घालायला निघाली. मोहन धारियांच्या वनराई संस्थेमुळे हे नाव महाराष्ट्रभर रुजलं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात ओहळातलीच वाळू-माती, तोंडं सुतळीने शिवायची आणि एकावर एक सांधे चुकवून रचायच्या. पोरांची रांग लागली, गोणी हातोहात पुढे. मुली गोण्या शिवत होत्या, दाभण त्यांच्या हातात भरभर चालत होतं. दिवस कलायच्या आत बंधाऱ्याच्या मागे पाणी कमरेएवढं चढलं. हा बंधारा माघ-फाल्गुनापर्यंत पाणी धरेल. गुरंढोरं पितील, धुणी होतील, जवळच्या विहिरीला पाझर येईल. जिथे चैत्रात बायका हंड्यासाठी डोंगर उतरतात, तिथे या पाण्याचं मोल काय सांगावं.

तरी एक गोष्ट मला तिथे उभं राहून खुपत राहिली आणि ती मी गुरुजींना बोललो. आपले बंधारे पाणी धरतात, गाळ धरत नाहीत. वनराई बंधारा ऑक्टोबरात घालतात, ओहळ निवळल्यावर. जूनच्या पहिल्या पुरात तो वाहून जातो, आणि वर्षातली बहुतेक माती तर त्या जून-जुलैच्या पुरांतच जाते. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा घ्या. पावसाळ्यात त्याचे बर्गे काढून ठेवतात ते मुद्दाम, गाळाचं पाणी निघून जावं म्हणून. पाऊस संपल्यावर बर्गे टाकून निवळ पाणी अडवतात. पाण्याचा साठा टिकवायचा असेल तर हे शहाणपणाचंच. पण आपल्या सगळ्या नोंदी साठ्याच्या आहेत, इतके सहस्र घनमीटर पाणी. किती टन माती अडली याचा रकाना कुठल्याच तक्त्यात मी पाहिलेला नाही. सिमेंटचा बंधारा गाळाने भरला की तो वाया गेला असं आपण लिहून टाकतो.

गुरुजी म्हणाले, चला, एक दाखवतो. वरच्या घळीत अर्ध्या तासाच्या चढावर जुने अनघड दगडी बांध होते. सिमेंट नाही, चुना नाही, रानातले धोंडे रचलेले. कुठल्या तरी रोजगार हमीच्या कामात घातलेले असावेत. प्रत्येकाच्या मागे गाळ काठोकाठ भरलेला. एका ठिकाणी पाड्यावरच्या एका कुटुंबाने त्या गाळावर भात लावला होता. तुकडा दोन खाटांएवढा, पण ताटं कमरेच्या वर. आजूबाजूला नुसता मुरूम. हे नवीन खाचर होतं, घळीने स्वतः भरलेलं, आणि त्याच्या वर बांध घातला तर आणखी एक होईल. दगडांच्या फटींतून पाणी झिरपत होतं म्हणून पुराने बांध ढकलला नव्हता. दोन-चार धोंडे ढासळले होते. कुणीतरी दर उन्हाळ्यात ते पुन्हा लावत असणार, नाहीतर इतकी वर्षं तो टिकता ना.

मला वाटतं पेठला याच कामाची सर्वांत जास्त गरज आहे. आज तसं न केल्याने इथली माती दमणगंगेतून खाली गुजरातेतल्या मधुबन धरणात जाते. तिथे ती कुणाच्या कामाची नाही, धरणाचं पोट मात्र भरते. मोठं धरणही गाळ अडवतंच, उलट सर्वांत जास्त अडवतं. पण तो शेतापासून इतक्या दूर आणि इतक्या खोल अडतो की परत आणणं अवघड होऊन बसतं. राज्य सरकारने 2017 मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आणली आणि तलावांतला गाळ शेतांत न्यायला सुरुवात केली. सपाटीवर ती उपयोगाची. पेठेत ट्रॅक्टर चढणार कुठे? इथे गाळ जिथून सुटला तिथल्या शंभर पावलांत धरला तरच त्याचा फायदा त्या शेतकऱ्याला. आणि धरणांच्या खाली काय होतं तेही पाहा. गोदावरी समुद्राला जो गाळ पोचवायची तो 1970च्या दशकाच्या मानाने 1990च्या दशकात निम्म्याहून कमी झाला आणि आंध्रातल्या तिच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा खचू लागला. नदीच्या मुखाला गाळ हवा आहे, डोंगराला माती हवी आहे, आणि दोघांची कमाई मधल्या धरणांत अडकून पडली आहे.

मुक्काम पाड्यावरच केला. दुसऱ्या दिवशी मी घाट चढून परत आलो आणि न थांबता नाशिक ओलांडून निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला गेलो. घाटमाथ्याच्या पूर्वेकडच्या डोंगरात अडला नाही तो गाळ सपाटीवर आला की काय होतं, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत उत्तम उदाहरण तिथे आहे. कादवा आणि गोदावरीच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात, 1907 ते 1911 मध्ये, दगडी बंधारा बांधला आणि त्यावरून गोदावरीचे दोन्ही कालवे काढले. बंधारा उथळ, मागचा पसारा मोठा. शंभर वर्षांत त्यात गाळ साचत गेला, बेटं तयार झाली, पाणगवत वाढलं, लव्हाळी माजली. पाटबंधाऱ्याच्या हिशोबात साठा घटला. पक्ष्यांच्या हिशोबात राज्य उभं राहिलं. 1986 मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि 2020 च्या सुरुवातीला हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं.

चापडगावच्या मनोऱ्यावरून मी दुपारभर पाहत बसलो. पाहुण्या बदकांचे पहिले थवे नुकतेच उतरले होते. जांभळ्या पाणकोंबड्या लव्हाळ्यांची खोडं पायात धरून सोलत होत्या. चमचे उथळ पाण्यात चोच डावी-उजवीकडे फिरवत चालले होते, आणि त्यांना जे मिळत होतं ते सगळं गाळावर जगणारं: किडे, शंख, शिंपल्या, छोटे मासे. डोंगराने गमावलेलं नत्र आणि स्फुरद इथे पिसं होऊन उडत होतं. गावकरी नाव घेऊन पक्षी दाखवतात, आणि गाळपेरीत उन्हाळी पिकंही घेतात. पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या त्या जमिनीला खत लागत नाही हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पण वरच्या अंगाला हिरवा गालिचा दिसला आणि मन विटलं. पाणवेली. नाशिक शहराचं सांडपाणी गोदावरीतून इथवर येतं, आणि त्यातलं नत्र-स्फुरद या वेलीला इतकं मानवतं की अनुकूल दिवसांत ती पंधरवड्यात दुप्पट होते. पाण्यावर छप्पर घालते, खाली अंधार, प्राणवायू नाही, मासे नाहीत. जे पेठच्या खाचरात एका लोंबीसाठी कमी पडतं, तेच इथे जास्त होऊन नदीचा जीव घेतं. पाणथळ जागा अन्नद्रव्य धरून ठेवते हे खरं, पण तिलाही सोसवेल एवढंच. शहराने आपली घाण स्वतः शुद्ध करावी. ते काम बेटांवर आणि बदकांवर टाकू नये.

आणि नाशिक व निफाडच्या मधे गोदावरीला जी पूरजमीन होती तिचं आपण काय केलं? 19 सप्टेंबर 2008 च्या पुरात गोदावरी आपली जुनी जागा मागत नाशिकच्या सराफ बाजारापर्यंत आली. त्यानंतर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आखल्या गेल्या: निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. या रेषा आपण धोक्याच्या खुणा म्हणून वाचतो. त्यांच्या आतली जमीन नदीची गाळणी आहे असंही त्या वाचता येतात. तिथे मळई राहू दिली, वाळुंज आणि करंज वाढू दिले, तर नदी पसरेल, मंदावेल, गाळ ठेवेल आणि पुढे जाईल. तिथे काँक्रीटची भिंत आणि वाहनतळ केला तर ती सगळं काही घेऊन नांदूरला जाईल.

पाऊस सुरू झाला की नाशिक-मुंबईहून हजारो लोक पेठ-सुरगाण्याकडे धबधबे बघायला येतात. त्यांना माझं सांगणं एवढंच की धबधब्याचा रंग बघा. तो लाल असेल तर त्याच्या वर एखाद्या कुटुंबाचं वरकस धुऊन निघालेलं आहे. आणि दिवाळीच्या सुमारास वनराई बंधाऱ्यासाठी ज्या संस्था, कंपन्या आणि महाविद्यालयं गोण्या आणि श्रमदान देतात, त्यांनी ते देत राहावंच. त्याबरोबर वैशाखातले दोन दिवसही द्यावेत. त्या दिवसांत घळींमध्ये दगडी बांध रचता येतात, ढासळलेले धोंडे पुन्हा लावता येतात, खाचरांचे फुटके बांध सांधता येतात. त्याला सिमेंट लागत नाही, पैसाही फार लागत नाही, माणसं लागतात, आणि ती नेमकी तेव्हा द्राक्षांची कामं आटोपून गावी परतलेली असतात. रोजगार हमीतून त्यांना त्या कामाची मजुरी मिळू शकते. ग्रामसभेने ठराव करून पावसाआधी कामं सुरू करून घ्यावीत, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर प्रत्येक बांधामागे किती हात गाळ बसला तो मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा.